तीन उशा

शुक्रवार, १ नोव्हेंबर २०२४, अमरावती

लक्ष्मीपूजन आटोपलं. फटाक्यांचा धूर संध्याकाळपासूनच घरात शिरायला लागला होता. खिडक्या लावल्या, दाराच्या फटीला ओले टॉवेल लावले, तरी अकराच्या सुमारास हे पलंगावर उठून बसलेच. उशा तीन झाल्या. मागच्या दिवाळीत दोन होत्या, थंडी वाढल्यावर तीन, आणि जानेवारीत एक रात्र चार. ह्यांच्या दम्याचा हिशेब मी उशांवर ठेवते. डॉक्टरांना तो पटत नाही, मला पटतो.

साडेदहाला ताईचा व्हिडिओ कॉल येऊन गेला. ताई म्हणजे माझी मावसबहीण, अकोल्याच्या जठारपेठेतली, पण गेली चाळीस वर्षं टोरांटोत. रिटायर झाल्यापासून ती आणि भाऊजी हिवाळ्यात टोरांटोत राहतच नाहीत. बर्फ पडायच्या आत मेक्सिकोत जातात, पॅसिफिकच्या काठच्या मासात्लान गावात, आणि मार्चनंतर परततात. अशा लोकांना तिकडे ‘स्नोबर्ड’ म्हणतात म्हणे. तिच्याकडे सकाळ होती. शेजाऱ्यांच्या ओसरीवर गेलेल्या माणसांसाठी मांडामांड केलेली दाखवली : आजोबांचा फोटो, मेणबत्त्या, पाव, आणि भोवती झेंडूच झेंडू. तिकडे एक-दोन नोव्हेंबरला पितरांचा सण असतो. आमच्या दारावर तोच झेंडू लक्ष्मीसाठी. हे मध्येच म्हणाले, झेंडू मूळचा मेक्सिकोचाच. पासष्ट वर्षं मी त्याला आपल्या धुऱ्यावरचा समजत होते.

फोन ठेवता ठेवता ताई म्हणाली, “काहून व, तुम्ही पन जा ना हिवाळाभर कुठी समुद्रावर. भावजीचा दम तरी सुटा होईन.”

हसण्यावारी नेलं. वऱ्हाडातला माणूस उन्हाळ्यात पळ काढतो, चिखलदऱ्याला नाही तर पोरांकडे पुण्याला. हिवाळ्यात वऱ्हाड सोडायचं म्हणजे पंगतीत बसून जिलबी वाढायच्या आत उठण्यासारखं.

बुधवार, ६ नोव्हेंबर

डॉक्टरांकडे. नळीत फुंकून ह्यांचा आकडा आला २६०. मागच्या एप्रिलमध्ये ३३० होता. हे ‘पीक फ्लो मीटर’ म्हणजे प्लास्टिकची वीतभर नळी, आत एक लाल काटा. जोर लावून फुंकलं की काटा सरकतो. घरीही एक आहे, रोज सकाळी फुंकायचं आणि वहीत लिहायचं. वही अर्थात मी लिहिते.

ताईचं बोलणं मी सहज सांगितलं. डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, ह्यांना त्रास देतात दोन गोष्टी : पहाटेची कोरडी थंडी, आणि त्या थंडीत जमिनीलगत दबून राहणारी धूळ नि धूर. कापूस वेचणी, जिनिंग, शेकोट्या, चुलीतली पऱ्हाटी सगळं ह्याच चार महिन्यांत. समुद्राकाठी पहाट एवढी गारठत नाही. पण दमट हवा सगळ्यांनाच मानवते असं नाही, कुणाला भिंतीची बुरशीच जास्त भोवते. “महिनाभर राहून बघा. आकडे लिहा. मग ठरवा.”

घरी येताना हे रिक्षात काहीच बोलले नाहीत. गाडगेनगरला उतरल्यावर म्हणाले, “कुडाळला गाडी जाते ना आपल्याकडून?”

म्हणजे त्यांनी आधीच पाहून ठेवलं होतं.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

बँकेत हयातीच्या दाखल्याची रांग. नोव्हेंबर आला की पेन्शनवाल्यांनी जिवंत असल्याची सही करायची, त्याशिवाय गाव सोडणं नाही. ताईला हे सांगितलं तर तिची तऱ्हा आमच्याहून कडक. ओंटारिओत वर्षातले निदान १५३ दिवस राहिलं नाही तर सरकारी दवाखान्याचं कार्ड जातं. आणि मेक्सिकोत पाहुणा म्हणून फार तर १८० दिवस. दोघं नवराबायको कॅलेंडर घेऊन दिवस मोजत असतात.

गाव कसं निवडलं, ते मी तिला नीट विचारलं. पहिल्या वर्षी सान ब्लास, खाडीकाठचं, फोटोत देखणं. संध्याकाळ झाली की वाळूतल्या बारीक चावऱ्या माश्या अशा तुटून पडत की ओसरीवर बसायची सोय नाही. दुसऱ्या वर्षी पुएर्तो वायार्ता. तिथले जुने रस्ते गोट्यांचे, भाऊजींचा गुडघा गेला. मग मासात्लान, कारण समुद्रालगत मैलोन्‌मैल सपाट फरसबंदी वाट आहे आणि दवाखाना जवळ. “समुद्र काय व, सगळीकडे सारखाच. पायाखालचं पाहाय आधी,” म्हणाली. प्यायचं पाणी वीस लिटरच्या बाटल्यांचं घ्यावं लागतं, आणि पहिल्या रांगेतलं घर घ्यायचं नाही, हेही तिनेच सांगितलं. शेवटी म्हणाली, “बोलाले कोनी पाहिजे. आमचे हे दोन वर्सं नुसते बसून राह्यले होते.”

मंगळवार, १२ नोव्हेंबर, अकोला

कार्तिकी एकादशी. भावाकडे आलो. उपासाची भगर आणि भोवती दहा माणसांचा सल्ला.

भाऊ : “अन हुरडा? हुरड्याच्या वक्ताले तुम्ही मच्छीच्या वासात बसान?”

वहिनी : “सोल्याची भाजी कोन करून घालीन भावजीले?”

मुख्य मुद्दा तोच. हिवाळ्यातलं वऱ्हाड म्हणजे शेतातल्या रोडग्यांचा जाळ, वांग्याची भाजी, मिठात उकडलेल्या तुरीच्या शेंगा, हरभऱ्याचे डहाळे, अंबाडी. वर्षभर उन्हात भाजून निघायचं ते ह्या तीन महिन्यांसाठी. आणि आम्ही नेमके तेच विकायला काढलेले.

जेवणानंतर नकाशा पसरला. ह्यांची नोकरी गेली इथल्या कृषी विद्यापीठात, सगळा जन्म संत्र्याच्या रोगांवर. नकाशासुद्धा प्रयोगाचे प्लॉट आखल्यासारखा बघतात. अलिबाग बाद, शनिवार-रविवार अख्खी मुंबई तिथे. दापोली-हर्णै मला आवडलं असतं, पण रेल्वे खेडला आणि पुढे घाट. रात्री धाप लागली तर? गुहागरचंही तेच. गोवा भाच्याने सुचवलं. महिन्याचं भाडं विचारल्यावर त्याचं त्यालाच हसू आलं. राहिले मालवण आणि वेंगुर्ले. दोन्हींना कुडाळ स्टेशन तासाभरावर, ओरोसला सरकारी मेडिकल कॉलेज, आणि फार अडलं तर तिकडचे लोक जातात तसं गोव्यात बांबोळीला.

मालवण आधी. नाव ऐकलेलं म्हणून, दुसरं कारण नाही.

बुधवार, २० नोव्हेंबर, अमरावती

सकाळीच मतदान. केंद्रावर सगळी चर्चा सोयाबीनची : हमीभाव ४८९२ आणि हाती त्याहून कितीतरी कमी. दुपारी सामान. ज्वारी बारा किलो, संत्र्यांची पेटी, नेब्युलायझर, वही, नळी, दोन उशा. उशा घरच्या कापसाच्या, पिंजाऱ्याकडून भरून घेतलेल्या. मुलगा फोनवर म्हणाला, उशा काय तिकडे मिळत नाहीत? मिळतात. मानेला चालत नाहीत.

रविवार, २४ नोव्हेंबर, मालवण

काल संध्याकाळी बडनेऱ्याहून नागपूर-मडगाव गाडी धरली. आठवड्यातून दोनदाच असते. डब्यात प्रत्येकाच्या मोबाइलवर निकाल. अकोला येईपर्यंत कोण पडलं कोण आलं ह्यावरून दोन बाकांत बोलाचाली, भुसावळला सगळे झोपलेले. हे मात्र वरच्या बाकाखाली वाकून बसलेले, आडवं होता येईना.

जाग आली ती रोह्याच्या पुढे. बोगदा, उजेड, बोगदा. रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आला तेव्हा मी मनातल्या मनात ह्यांचे श्वास मोजत होते. कोकण रेल्वे पुरी झाली जानेवारी १९९८ मध्ये. त्याआधी वऱ्हाडातून कोकणात जायचं म्हणजे कोल्हापूरला उतरून एसटीने घाट. कुणी जात नसे, सोयरीकही होत नसे.

कुडाळला उतरून मालवण. खोली समुद्रापासून पन्नास पावलांवर. ताईने सांगितलेलं सगळं विसरून आम्ही पहिल्या रांगेत.

मंगळवार, २६ नोव्हेंबर

होडीने सिंधुदुर्ग किल्ला. १६६४ साली महाराजांनी कुरटे बेटावर बांधायला घेतला, म्हणजे ३६० वर्षं झाली. सगळे तटाकडे बघत होते, मी विहिरी शोधत होते. दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चारी बाजूंनी समुद्र आणि आत गोड पाणी. बाईने कळशीतून ओंजळीत घातलं, खरंच गोड.

माझं माहेर दर्यापूर तालुक्यात, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात. गावाच्या नावात दर्या, आणि समुद्र शेकडो कोस दूर. पण विहीर कुठेही खणा, पाणी खारट. त्या पाण्यात डाळ शिजायची नाही, साबणाला फेस यायचा नाही. शहानूर धरणाचं पाणी नळाला येईपर्यंत आम्ही तेच प्यायलो, आणि गावात मुतखडा नसलेलं घर नव्हतं. समुद्रात गोडं आणि जमिनीवर खारं, असा हा उलटा कारभार. हे म्हणाले, उलटं काही नाही, बेटावर पावसाचं पाणी खडकात मुरतं आणि जड खाऱ्या पाण्यावर तरंगून राहतं. आपल्याकडे गाळाच्या थरांत जुनं मीठ साठलंय, निचरा नाही. त्यांचं बरोबर असणार. मी अजून ओंजळीकडेच बघत होते.

शुक्रवार, २९ नोव्हेंबर

आकडा २४०. घरच्यापेक्षा कमी.

कारण सापडलं. पलंग सरकवला तर मागे भिंतीवर चटईएवढा काळा-हिरवा डाग. वरून ताजा रंग मारलेला, ओल आतून फुटलेली. शिवाय कापसाच्या उशा दोन दिवसांत ओलसर, जड. उचलल्या तर भिजलेल्या पोत्यासारख्या. मी सकाळी गडग्यावर वाळत घालते, संध्याकाळी परत तशाच. आपला कापूस एवढं पाणी पितो हे मला चाळीस वर्षांच्या संसारात कळलं नव्हतं.

मालकाला सांगितलं. तो म्हणाला, समुद्राकाठी असंच असतं. खोलीचे पैसे महिन्याचे आगाऊ दिलेले, अर्धे सुटले.

बुधवार, ४ डिसेंबर

तमिळनाडूत फेंगल वादळ धडकलं, त्याचं मळभ इथवर आलंय. हवा गच्च. उशा तीन, तिसरी म्हणजे माझी गुंडाळलेली शाल. रात्री नेब्युलायझर दोनदा. वीज गेली तेव्हा वीस मिनिटं मी नुसती त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसले. पहाटे ते म्हणाले, “चाल, जाऊ घरी.” मी म्हटलं, गाडी शनिवार-बुधवारची तिकडून, इकडून गुरुवार-रविवारची. रविवारपर्यंत वेंगुर्ले बघून घेऊ. नाही जमलं तर तिकीट आहेच.

सोमवार, ९ डिसेंबर, वेंगुर्ले

तिकीट रद्द केलं.

हे घर समुद्रापासून किलोमीटरभर आत, माड-सुपारीच्या बागेत. जांभ्या दगडाची जाड भिंत, खिडक्या समोरासमोर, वर कौलं. मी आल्या आल्या पलंग ओढून मागची भिंत बघितली. घरमालकीण काकी दारात उभ्या राहून बघत होत्या. “काय सांडला काय?” म्हणाल्या. डागाची गोष्ट सांगितली तर त्यांनीच दुसऱ्या खोलीचं कपाट सरकवून दाखवलं. कोरडी ठणठणीत. महिन्याचे चौदा हजार, जेवण आपलं आपण.

काकी सत्तरीच्या, मुलगा गोव्यात, घरात त्या आणि त्यांचे दीर. “अमरावती म्हणजे खंय? नागपुराच्या अलीकडे काय पलीकडे?” संत्र्यांची पेटी त्यांना दिली. दुसऱ्या दिवशी गल्लीभर वाटलेली, आणि येणारा जाणारा आम्हाला ‘संत्रीवाले’ म्हणून ओळखतो.

ज्वारी दळायला गिरणीत गेले. तांदूळ दळणारी गिरणी, ज्वारी बघून पोरगा विचारात पडला. “जोंधळे? तांदळाच्या मागसून घालतंय, पयलां पीठ पांढरां येतला.” पहिल्या दोन भाकरी खरोखर तांदळाच्या-ज्वारीच्या मिश्र जातीच्या झाल्या. काकींनी एक घेतली, मला त्यांची पेज दिली, उकड्या तांदळाची. सकाळी गरम पेज ह्यांच्या छातीला बरी वाटते. हे मी वहीत लिहिलं नाही, डॉक्टर हसतील.

आकडा २९०.

शनिवार, १४ डिसेंबर

दत्तजयंती. देवळात पाळणा, रात्री गावात दशावतार. पहाटेपर्यंत चालतो म्हणतात, आम्ही अकरापर्यंत बसलो. राक्षस आला तेव्हा ह्यांच्या शेजारचं पोर ह्यांच्या मांडीवर चढलं.

खरी गोष्ट वेगळीच. ताई म्हणाली होती, बोलायला कोणी पाहिजे. इथे फळ संशोधन केंद्र आहे, काजूच्या ‘वेंगुर्ला-४’, ‘वेंगुर्ला-७’ ह्या जाती इथल्याच. हे पहिल्या दिवशी नुसते कुंपणापाशी उभे राहिले. दुसऱ्या दिवशी आत गेले. आता रोज सकाळी जातात, कलमं बघतात, माळ्याशी बोलतात, सपाट रस्त्याने दीड किलोमीटर जाऊन येतात. घरून निघताना शर्ट खोचतात. रिटायर झाल्यापासून मी त्यांना शर्ट खोचताना लग्नकार्यातच पाहिलं होतं.

आणि काल काकींच्या दिरांनी सुपारीची व्यथा सांगितली. पावसाळ्यात कोवळी फळं सडून गळतात, त्याला इथे कोळेरोग म्हणतात. ह्यांनी चटकन विचारलं, “फायटोप्थोराच ना?” आमच्या वरूड-मोर्शीकडे संत्र्याच्या बुंध्यातून डिंक वाहतो, झाड वाळतं, तो डिंक्याही त्याच कुळातल्या बुरशीचा. औषधही तेच, बोर्डो. ह्यांनी वहीतलं माझं पान फाडून लिहून दिलं : मोरचूद एक किलो, कळीचा चुना एक किलो, पाणी शंभर लिटर. दोन्ही वेगवेगळं भिजवायचं, मग एकत्र, आणि भांडं लोखंडाचं नको. तयार झालं की त्यात कोयत्याचं पातं बुडवून बघायचं. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला. फवारणी पावसाआधी, शेंड्यातल्या घोसांवर. दिरांनी कोयता आणून बुडवायचं कसं ते तीनदा करून घेतलं, रिकाम्या बादलीत.

शुक्रवार, २० डिसेंबर

आज गाडगेबाबांची पुण्यतिथी. १९५६ साली आजच्या तारखेला वलगावजवळ पेढीच्या पुलावर गेले. अमरावतीत असते तर समाधीवर गेले असते. इथे सकाळी अंगण झाडलं, काकी म्हणाल्या, झाडूवाली येतली मां. म्हटलं, आज मीच.

दुपारी शिरोड्याला. वि. स. खांडेकर इथे १९२० पासून शिक्षक होते, अठरा वर्षं, शाळा बघितली. मग मिठागरं. १९३० मध्ये इथे मिठाचा सत्याग्रह झाला. उथळ खाचरांत पाणी, कडेला पांढरे ढीग. एक माणूस लांब दांड्याच्या फळीने मीठ ओढत होता, आवाज आमच्याकडे खळ्यात धान्य ओढतात तसा.

त्याला मी सांगितलं, आमच्याकडेही त्याच वर्षी मीठ केलं होतं. त्याने फळी थांबवली. “थंय दर्या खंय?” दर्या नाहीच. अकोल्याजवळ दहिहंड्याला लोकांनी खाऱ्या विहिरीचं पाणी काढलं, कढईत आटवलं, आणि कायदा मोडला. ज्या पाण्याने आमचे मुतखडे झाले, त्याच पाण्याचा तेवढा एक उपयोग. तो बराच वेळ हसला. मग ओंजळभर मीठ कागदात बांधून दिलं, करड्या रंगाचं, ओलसर. आज भाकरीबरोबर ठेच्यात तेच.

आकडा ३१५. उशा दोन.

रविवार, २९ डिसेंबर

चार दिवस गाड्याच गाड्या. मालवणात म्हणे पाय ठेवायला जागा नाही. इथे बाजारात गर्दी, बागेपर्यंत येत नाही. आरवलीच्या वेतोबाला गेलो. नवसाची केळी आणि देवासाठी केलेल्या हातभर लांब चपला. देव रात्री गावात फेरी मारतो, चपला झिजतात, म्हणून नव्या वाहतात. ह्यांनी तळवे उलटे करून बघितले. शास्त्रज्ञ.

गोव्यातही एक दिवस जाऊन आलो, फार सांगण्यासारखं नाही.

मंगळवार, १४ जानेवारी २०२५

संक्रांत. काकींनी तिळगूळ मागितला तर मी चारोळी घालून केला, त्यांना नवल.

दुपारी भावाचा व्हिडिओ कॉल, शेतातून. आगटी पेटलेली, कणसं राखेत, पोरं हातावर चोळतायत. हुरडा. भाऊ फोन आगटीजवळ नेऊन म्हणाला, “वास येऊन राह्यला का?” सगळे हसले. मागे तुरीचा पिवळा-हिरवा पट्टा, त्यापलीकडे धुकं. हे फोन हातात घेऊन बसले. शेत दाखव म्हणाले, बांध दाखव, विहीर दाखव. भाऊ चालत राहिला, हे बघत राहिले. फोन ठेवला आणि बाहेर जाऊन माडाच्या बुंध्याशी बसले. मी चहा नेला तर म्हणाले, “हुरड्याचं काय मोठं.” चहा निवून गेला.

आकडा ३२५. एक उशी. डिसेंबरपासून वाट बघत होते त्या आकड्याची, आणि तो नेमका आज आला. लिहून वही मिटली.

बुधवार, २९ जानेवारी

उद्या गाडी. हिशेब मांडला : भाडं, गाडी, मालवणात बुडालेले पैसे धरून घरखर्चापेक्षा एकतीस हजार जास्त. त्यातून मागच्या हिवाळ्यातलं पाच दिवसांचं दवाखान्याचं बिल वजा केलं तर काहीतरी उरतं. मी वजाबाकी दोनदा केली, उत्तर दोनदा वेगळं आलं.

काकींनी कोकमं, काजू, नारळ बांधून दिले. “पुढल्या वर्साक येतलात मां?” ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मी ह्यांच्याकडे. काकी म्हणाल्या, “नको सांगू आता. येवचा झाला तर जोंधळे घेवन या. गिरणीवालो विचारता.”

सोमवार, ३ फेब्रुवारी, अमरावती

बडनेऱ्याला शुक्रवारी उतरलो तेव्हा फलाटावर शेकोटी. घरात धुळीचा थर. आधी पुसलं, मग सामान सोडलं. दुसऱ्याच दिवशी वहिनीने सोले आणि वांगी पाठवली. ह्यांनी तीन भाकरी खाल्ल्या.

आज सकाळी आकडा २९५. डॉक्टरांना वही दाखवायला नेली. त्यांनी मालवणचं पान बोटाने वर-खाली वाचलं, वेंगुर्ल्याचं वाचलं. मधलं फाटलेलं पान कुठे गेलं विचारलं. ते सुपारीच्या बागेत आहे म्हटलं.

संध्याकाळी काकींचा फोन. खोली झाडताना कपाटावर आमची एक उशी सापडली. “हय रवली तुमची. एसटीच्या पार्सलान धाडू?”

मी काही बोलायच्या आत ह्यांनी फोन घेतला. “राहू द्या तिथेच,” म्हणाले, आणि त्याच दमात, “दिरांना सांगा, मोरचूद आणि चुना आधी एकत्र नका भिजवू.”

रात्री दोन उशा लागल्या. आणलेली एक, आणि दुसरी माझी. मी शाल गुंडाळून डोक्याखाली घेतली.